बारवेच्या बावीस पायऱ्या

लग्न होऊन मी पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आले तेव्हा महायुद्ध चालू होतं. सासरे शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले होते. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येईना, म्हणून दुपारची झाकपाक झाली की मी त्यांना पुस्तक वाचून दाखवी. त्या वाचनासाठी मी दिवसभर घाई करायची.

एकदा त्यांनी नगरच्या वाचनालयातून आपल्या भागाच्या इतिहासाची तीन पुस्तकं मागवली. तिन्हींत आमच्या गावच्या बारवेचा उल्लेख सापडला. एका सरदाराने ती बांधली आणि तिला बावीस पायऱ्या आहेत, असं लिहिलं होतं.

मी आनंदून म्हणाले, "मामंजी, तिघंही एकच सांगतात. म्हणजे खरंच असणार."

"तिघांनी वेगवेगळं शोधून सांगितलंय, की एकाचंच ऐकून? तिघांची वाक्यं एकाखाली एक ठेवून वाच बरं."

मी वाचली. शब्द न् शब्द सारखा होता. शिवाय एक गोष्ट मला खटकली.

"पण मामंजी, पायऱ्या बावीस नाहीत. गेल्या वैशाखात पाणी तळाला गेलं तेव्हा मी स्वतः उतरले होते. एकतीस आहेत."

त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "बावीस मी लिहिल्या होत्या."

तरुणपणी त्यांनी एका साप्ताहिकात लेख लिहिला होता. बारवेत तेव्हा पाणी होतं आणि तळच्या पायऱ्या बुडालेल्या. पाण्याबाहेर होत्या तेवढ्या पायऱ्या त्यांनी मोजल्या, आणि सरदाराचं नाव बरोबरीच्या एका शिक्षकाकडून ऐकून घातलं. तोच लेख पुढे पुस्तकात गेला आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात.

"आयुष्यभर पोरांना सांगत आलो, पाहिल्याशिवाय लिहू नका म्हणून," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. मलाही हसू आवरेना.

पुढच्या वैशाखात पाणी पुन्हा तळाला गेलं तेव्हा आम्ही बारवेवर गेलो. ते काठावर काठी टेकून बसले आणि मी खाली उतरले. तळाजवळच्या कोनाड्यात अक्षरं आहेत हे मला ठाऊक होतं, पण शेवाळाखाली ती कधी वाचली नव्हती. शेजारच्या मळ्यातली एक बाई पाणी भरत होती. तिने काथ्या दिला आणि स्वतःही घासू लागली.

"ह्यात काय लिवलंय, वैनी? आमी तर देवाचं नाव समजत हुतो."

मी एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेले आणि मामंजी वरून ते परत म्हणत होते. सरदाराचं नाव कुठंच नव्हतं. 'समस्त गावकरी यांनी बांधली' एवढंच होतं. एका ओळीचा दगड फुटला होता. तिथे मी अंदाजाने काहीतरी म्हणाले तेव्हा वरून आवाज आला, "दिसतंय ते सांग. दिसत नाही, तिथे दिसत नाही म्हण!"

"म्हंजी आमच्याच लोकांनी बांधली व्हय?" त्या बाईने घागर खाली ठेवली. "लई झ्याक झालं की!"

घरी आल्यावर मामंजींनी तिन्ही लेखकांना पत्रं सांगितली आणि मी ती लिहिली. चूक माझी, शिलालेख माझ्या सुनेने वाचला, फुटलेल्या ओळीबद्दल काही सांगता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट घालायला लावलं. सुनेचं कशाला, असं मी म्हणून पाहिलं. "वाचणारं कोण, हे कळल्याशिवाय त्यांनी विश्वास कसा ठेवायचा?" ते म्हणाले.

दोघांकडून काहीच आलं नाही. तिसरे गृहस्थ मात्र पुढच्या आठवड्यात स्वतःच दारात उभे राहिले. पिठलंभाकरी जेवले आणि म्हणाले, "ताई, तुमच्यावर अविश्वास नाही, पण मला एकदा पाहू द्या."

मामंजींचा चेहरा उजळला. "हा खरा अभ्यासू माणूस," ते म्हणाले, आणि उन्हाची पर्वा न करता आमच्याबरोबर निघाले.