पास झालेली स्मूदी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळी गल्ली पाससाहेब म्हणते, आणि त्यांना वाटतं हा मान आहे. प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासनीस होते. काम काय, तर नव्या मालातली एक बादली उचलायची, पाण्याने भरायची, कडीला धरून हलवायची, मग रिकामी करून उजेडाकडे धरून बघायची. ती गळली नाही की बाकीच्या ढीगभर बादल्यांवर 'पास'चा शिक्का. एवढ्यावर माणसाने उभी नोकरी काढली, आणि घरी येऊन असं पाय पसरून बसायचे की कारखाना यांच्याच खांद्यावर उभा आहे. ताईने पाणी द्यायचं, चहा द्यायचा, टॉवेल द्यायचा. यांनी मान हलवून ते पास करायचं.

मी त्यांच्याच इमारतीत, बरोबर खालच्या मजल्यावर राहते. त्यामुळे निवृत्तीनंतर भाऊजींच्या डोक्यात काय शिरलं ते आधी माझ्या कानांना कळलं. सकाळी डोळे उघडायच्या आत वर मिक्सर बोंबलायला लागला. घाईघाईने जिना चढून गेले, तर भाऊजी ओट्याशी उभे, गळ्यात ताईचा एप्रन, आणि छतभर जांभळे शिंतोडे. झाकण न लावताच बटण दाबलं होतं.

"मेहुणीबाई, स्मूदी," ते म्हणाले. "घरच्या घरी, ताजी, एकदम हेल्दी. वरून साखरेचा एक कण नाही."

"छतालाही पाजलीत ते बरं केलंत," मी म्हटलं.

मोबाईलवर कुणा दंड फुगवलेल्या पोराने सांगितलं होतं म्हणे. दोन-तीन केळी, वाटीभर काळी द्राक्षं, एक सफरचंद, मूठभर खजूर, वर मधाची धार, आणि पालकाची चार पानं, ती आपली नावाला. सगळं गरगर फिरवायचं आणि मोठ्या ग्लासात ओतायचं. सालं, बिया, चिकट सुरी आणि मिक्सरचं भांडं मात्र ताईसाठी सिंकमध्ये. तब्येतीसाठी भांडी घासणंसुद्धा चांगलं असतं, असं त्या पोराने सांगितलं नसावं.

आता हे सगळं त्यांनी स्वतः ढोसलं असतं तर माझं काय जात होतं? पण ही स्मूदी होती ताईसाठी. ताईला मधुमेह आहे, तोही जुना. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ताई घरी शिवणकाम करते. तिची हातशिलाई अशी, की कापड उलटं केलं तरी टाका शोधावा लागतो. तर त्या ताईला आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी रोज संध्याकाळी वर जाऊन तिला सुया ओवून द्यायचे, आणि ती बोटांनी चाचपत शिवायची. काजं वाकडी व्हायला लागली. जुनी गिऱ्हाइकं कपडे घेऊन जाताना काही बोलायची नाहीत आणि पुन्हा यायची नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा तिला परत पाठवलं होतं. साखर खाली आणा, मगच डोळ्याला हात लावते, म्हणाल्या. म्हणून भाऊजींनी कंबर कसली. बायकोची साखर आपणच उतरवणार, तीही फळांनी.

आणि तपासणी? तपासणीशिवाय हा माणूस काही पुढे पाठवेल होय? साखर मोजायचं छोटं मशीन आणलं होतं. आधी स्वतः ग्लासभर स्मूदी प्यायचे, पेपर वाचायचे, मग ऐटीत आपल्याच बोटाला सुई टोचायचे. आकडा बरा आला की म्हणायचे, "पास." मग ताईच्या हातात तिचा ग्लास.

"अहो भाऊजी, मधुमेह तिला आहे, तुम्हाला नाही," मी म्हटलं. "तिचं बोट टोचा की."

"तिला सुईची भीती वाटते," ते म्हणाले.

"जन्मभर सुया हाताळणाऱ्या बाईला?"

"मेहुणीबाई, नमुना एकच तपासायचा असतो. बादली न् बादली भरून बघत बसलो असतो, तर कारखान्याला टाळं लागलं असतं."

ताईला बाजूला घेऊन म्हटलं, पिऊ नकोस बाई. ती म्हणाली, "बघते." आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर ग्लास तळापर्यंत रिकामा केला. वर म्हणते, "छान झालंय हो."

व्हायचं तेच झालं. ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत ताईची साखर पहिल्यापेक्षाही वर निघाली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, खाताय तरी काय? भाऊजी पुढे झाले. छाती काढून केळ्यापासून मधापर्यंत सगळं सांगितलं, पालकावर जरा जास्तच जोर दिला. बाई ऐकतच राहिल्या. मग म्हणाल्या, "यात साखर नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? हे सगळं साखरच आहे, आणि तीही वाटून, लवकर भिनेल अशी."

"तुमचं मशीन बिघडलंय," भाऊजी म्हणाले. पिशवीतून आपलं मशीन काढलं, तिथेच बोट टोचलं आणि आकडा बाईंच्या नाकासमोर धरला. "सकाळी हिच्याएवढाच ग्लास पिऊन आलोय. बघा."

बाईंनी चष्मा सावरून बघितलं. "उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "मग ऑपरेशन तुमचंच करू या का?"

मी एवढी सुखावले की हसू दाबायला पदर तोंडाशी धरावा लागला. भाऊजींनी मशीन पिशवीत ठेवलं. बोटावरचं रक्त पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

घरी येताना ते तरातरा पुढे निघून गेले. जिन्यात ताई धापा टाकत कठड्याला धरून उभी राहिली, आणि माझा तोल सुटला. म्हटलं, "या माणसाला अक्कल नाही हे मी तुझ्या लग्नापासून बघतेय. पण तू? तुला कळत नव्हतं त्यात काय असतं?"

"कळत होतं," ताई म्हणाली.

"मग का ढोसत होतीस? डोळे नकोत तुला?"

ती पायरीवर बसली. "लग्न झाल्यापासून यांनी मला स्वतःच्या हाताने प्यायला काही दिलं नव्हतं गं. पाण्याचा पेलासुद्धा नाही. आणि आता रोज सकाळी माझ्याआधी उठून उभे राहत होते. कसं नको म्हणू?"

मला तिचा इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं, की मी नुसती तिच्या शेजारी बसून राहिले. वर भाऊजी दाराशी थांबले होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण नंतर किल्ली फिरवायचा आवाज बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी मिक्सर वाजला नाही. मला चैन पडेना, म्हणून वर गेले. भाऊजी ओट्याशी उभे होते, गळ्यात तोच एप्रन. स्मूदीच्याच त्या मोठ्या ग्लासात त्यांनी पाणी भरलं, साधं पाणी, आणि ताईसमोर धरलं. स्वतः आधी प्यायले नाहीत. ताईने ते सावकाश तळापर्यंत प्यायलं आणि म्हणाली, "छान झालंय हो." पाण्याला छान म्हणणारी बाई मी दुसरी बघितली नाही. मग भाऊजींनी मशीन काढलं आणि पहिल्यांदा तिचं बोट हातात घेतलं.

दोन महिने भाऊजी घासाघासाला ताईच्या ताटावर डोळा ठेवून होते. तेही वैताग आणणारंच, पण साखर उतरली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा शिवायची परवानगी दिली त्या दिवशी ताईने खिडकीशी बसून सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि एका फटक्यात ओवलं. मला पुढे केलेला हात मागे घ्यावा लागला.

तेवढ्यात भाऊजी सवयीने पाणी घेऊन आले. ताईने ग्लास तोंडाला लावला आणि थांबली. उजेडाकडे धरून बघितलं. तळाशी जांभळं कडं बसलं होतं, कडेला खरकटं चिकटलेलं. हा एक ग्लास रोज भाऊजीच धुवायचे, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

"अहो, हा धुतलेला नाहीये," ताई म्हणाली.

सगळ्या संसारात यांचा माल कुणी परत केला नव्हता.

"इतके दिवस असाच होता का गं?" ताईने मला विचारलं.

"असाच होता," मी म्हटलं.

भाऊजींनी तिच्या हातातून ग्लास घेतला. मला वाटलं, आता नमुन्याचं काहीतरी सांगतील. पण ते सिंकपाशी गेले, राख-साबण लावून घासला, उजेडाकडे धरून बघितला, आणि पुन्हा घासायला लागले.