चांगुणाच्या बाकड्यासमोर ब्रेक

लोहा गावाजवळ नवा हायवे वरून निघून गेला आणि जुना रस्ता खाली उताराला पडून राहिला. उतार संपतो तिथे ट्रकांचा अड्डा आहे, आणि अड्ड्याच्या तोंडाशीच चांगुणाबाईची चहाची टपरी. टपरीपुढे एक लाकडी बाकडं. त्या बाकड्यावर चांगुणाबाईने अर्धा जन्म काढला, आणि तिचा नवरा साहेबराव ड्रायव्हर याने तेवढाच काळ त्या बाकड्यावर ट्रक आणण्यात घालवला.

त्याची ती खोडच होती. नांदेडहून भरलेला ट्रक घेऊन यायचा, उतारावर मुद्दाम वेग ठेवायचा आणि बाकड्याच्या वीतभर अलीकडे करकचून ब्रेक दाबायचा. नव्या माणसाच्या हातातला चहा सांडायचा. चांगुणा मात्र मान वर न करता स्टोव्हला पंप मारत बसायची. खेळातली खरी मजा तीच. "ड्रायव्हर असावा तर असा, अन् बायको असावी तर अशी," असं अड्डा म्हणायचा, आणि साहेबराव मिशीला पीळ देत खाली उतरायचा.

एकदाच ती उठून पळाली होती. तेव्हा लेक समीक्षा पोटात होती. साहेबरावने तिच्यावर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. "चार माणसांत माझं नाक कापलंस," एवढंच म्हणाला आणि पोरगी जन्मेपर्यंत तिच्याशी बोलला नाही. त्यानंतर चांगुणा कधी उठली नाही.

मग मालकाचा, मन्मथअप्पाचा, नवा ट्रक आला. सगळ्या चाकांना डिस्क ब्रेक; साहेबरावच्या जुन्या ट्रकला ड्रम ब्रेक होते. तो मिळाला बालाजीला, कालपर्यंत क्लीनर असलेल्या पोराला. साहेबरावला ते सोसलं नाही. येता-जाता तो चाकाकडे बोट दाखवायचा.

"ह्ये काय, चकती हाय का ताटली? वजन पेललं का हिला? ड्रम म्हंजे ड्रम. जन्म गेला माझा ड्रमवर."

"काका, ड्रम गार हाय तवर बराच हाय," बालाजी म्हणाला. "तापला की फुगतो, अन् त्याला आतून दाबणारे लायनर नीट भिडत न्हाईत. डिस्क उघडी असती, वाऱ्यानं गार होती."

"मला शिकवून राहिला का रे?"

अप्पा बाकड्यावर बसून हे ऐकत होता. त्याला दुपार घालवायची होती आणि साहेबरावचा जुना ट्रक विकायचाही होता. "भांडता कशाला? दोन्ही गाड्यांत गिट्टी भरलेलीच हाय. वरून या, बाईच्या टपरीपुढं चुन्याची रेघ मारतो. ड्रमची गाडी रेघ ओलांडून गेली की साहेबराव, चावी ठिवायची अन् घरी जायचं. कबूल?"

"कबूल," साहेबराव म्हणाला. बायकोला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

पहिल्या खेपेला दोघेही रेघेच्या अलीकडे थांबले. शिट्ट्या झाल्या. खेळ तिथेच संपायला हवा होता, पण लोकांना कोण हरतं ते बघायचं होतं. "आणिक एकदा," अप्पा म्हणाला. ट्रक वर गेले, खाली आले. आणिक एकदा. बालाजीचा ट्रक दर वेळी एकाच जागी उभा राहायचा. साहेबरावचा रेघेकडे थोडा थोडा सरकत होता.

चौथ्या खेपेला साहेबरावचं पुढचं चाक रेघेला टेकलं आणि चांगुणाच्या नाकात वास शिरला. जळक्या लायनरचा. ड्रायव्हरची बायको तो वास चहाच्या वासाइतका ओळखते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. वास त्यालाही आला होता. त्याचा चेहराच सांगत होता. दोघांपैकी कोणीही "पुरे" म्हणू शकलं असतं.

"बस का, काका?" बालाजीने विचारलं. त्याला खरंच थांबायचं होतं.

"भ्यालास व्हय?" साहेबराव ओरडला आणि ट्रक वर घेऊन गेला.

चांगुणा भ्याली होती. उठावं आणि टपरीमागे जावं, चार पावलांचं काम. पण सगळा अड्डा तिच्याकडे बघत होता. ती उठली असती तर ट्रक खाली येण्याआधीच साहेबराव हरला असता. समीक्षाच्या वेळी ती पळाली तेव्हा त्याचं तोंड कसं झालं होतं, ते तिला आठवलं. तिने स्टोव्हला पंप मारला.

वरून ट्रक आला. ब्रेक दाबल्याचा आवाज आला, पण वेग काही उतरेना. रेघ गेली, बाकडं गेलं. टपरीच्या ओट्याला धडकून ट्रक थांबला तेव्हा चांगुणाचा उजवा पाय बंपर आणि ओट्याच्या मध्ये होता.

लोकांनी तिला ओढून काढलं हे खरं. पण जीप येईपर्यंत दोघे जण रेघेपासून बंपरपर्यंत पावलं मोजत होते, हेही खरं.

नांदेडच्या दवाखान्यात पाय गुडघ्यापासून कापला. पोलिसांपुढच्या जबाबात तिने सांगितलं, "माझाच पाय घसरला." अप्पाने ते शेजारी उभं राहून ऐकलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. साहेबराव खाटेशी आला तो हेच विचारत.

"उठायला काय झालतं तुला?"

"उठले असते तर तुमी हरला असता."

"तशीबी हरलोच की," तो चिडून म्हणाला.

त्याची चावी गेली नाही. तोंडं गप्प राहावीत म्हणून अप्पाने बालाजीला दुसरीकडे धाडलं आणि डिस्कचा ट्रक साहेबरावला दिला. आता तो अड्ड्यावर सगळ्यांना डिस्कचं महत्त्व सांगतो. ड्रम चालवणाऱ्यांना येडे म्हणतो.

आणि अजूनही उतारावरून तसाच येतो. नव्या बाकड्याच्या वीतभर अलीकडे ट्रक जागच्या जागी थांबवतो आणि खिडकीतून डोकं काढतो. "बघ चांगुणे, ह्याला म्हणत्यात ब्रेक!"

अड्डा शिट्ट्या मारतो. चांगुणा मान वर करत नाही, चहा गाळत राहते. उरलेला पाय मात्र ट्रकचा आवाज आला की थरथरू लागतो. ती डाव्या हाताने तो लुगड्यावरून दाबून धरते, कोणाला दिसू नये म्हणून.