आजीचा रिपोर्ट

पनवेलमधल्या एका छोट्या लॅबमध्ये मी तपासणीचं काम करते. रक्त द्यायला लोक घाबरतात आणि संडासची डबी द्यायला लाजतात. एक मावशी मात्र लाजली नाही. गव्हाणहून येऊन ती इथल्या बाजारात मच्छी विकायला बसायची. तिने एकात एक घातलेल्या तीन पिशव्या सोडल्या आणि डबी माझ्यापुढे ठेवली.

"नातीची हाय. नीट बघ, बाय."

"कधीची आहे मावशी?"

"काल सांजची. सकाळपासून माझ्याजवळच हाय. मच्छीच्या टोपलीत नाय ठेवली, पिशवी वेगळी हाय," ती घाईघाईने म्हणाली.

नात पाच वर्षांची. दोन महिने झाले, तिला मधूनमधून जुलाब व्हायचे. पोट फुगायचं, फार घाण वास यायचा. चार दिवस बरी असायची, की पुन्हा तेच. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. घरात नजर काढून झाली होती. शेवटी डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली.

त्या शिळ्या नमुन्यात मला काही सापडलं नाही. दोन दिवसांनी तिने दुसरा आणला, त्यातही काही नाही. मी तिला सांगितलं, की हे जंतू रोज दिसतातच असं नाही, तिसऱ्यांदा बघावं लागेल आणि नमुना ताजा हवा. तिने मान हलवली. त्या आठवड्यात एका सकाळी ती धंदा बुडवून नातीलाच घेऊन आली. पोरीने लॅबच्याच संडासात नमुना दिला.

काचेवर सलाइनच्या थेंबात नमुना कालवून मी सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि ते जंतू दिसले. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव, आकार नासपतीसारखा. झाडावरून पान गळावं तसे डुलत, गिरक्या घेत चालले होते. जिआर्डिया. मावशीला बघायचं होतं. मी स्टूल सरकवलं. तिने एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्ये पोटात कशानं गेलं?"

"पाण्यातून जातं बहुतेक. पाणी कुठून भरता?"

नळ एक दिवसाआड यायचा. नळापासून घरापर्यंतची रबरी नळी गटारातून जायची. पाणी पिंपात भरायचं आणि ज्याला तहान लागेल त्याने पेला बुडवायचा. हे सांगता सांगताच तिच्या लक्षात आलं. "म्हणजे मीच पाजलं."

"तुम्ही तहानेला पाणी दिलंत, मावशी," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पोरीला औषध दिलं आणि घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायला सांगितलं. आईबापाचे रिपोर्ट चांगले आले. आजीच्या नमुन्यात मात्र तेच जंतू निघाले. तिला कधी पोटदुखीसुद्धा झाली नव्हती. रिपोर्ट हातात घेऊन ती म्हणाली, "मना तर काय होत नाय." मी समजावलं, की काहींना त्रास होत नाही, पण त्यांच्याकडून दुसऱ्याला जाऊ शकतं, म्हणून तुम्हीही औषध घ्या. तिने रिपोर्टची बारीक घडी केली आणि निघून गेली.

पंधरवड्याने पोरीची आई पुन्हा नमुना घेऊन आली. पोरीचे जुलाब थांबले होते, ती भात मागून खात होती. आजीनेही औषध घेतलं होतं. पाणी उकळून झाकून ठेवायला लागले होते, काढायला लांब दांड्याचा डाव आणला होता, नळीही गटारातून उचलून भिंतीवर चढवली होती. मग तिने खरी अडचण सांगितली.

"आजी तिला जवळ घेत नाय. भरवत नाय. ताट येगळं, चटई येगळी. पोर रडते, ही दारात तोंड फिरवून बसते."

मला माझीच लाज वाटली. हात कसे धुवायचे ते मी सांगितलं होतं, नातीला जवळ घ्यायचं की नाही ते सांगायचं राहिलं होतं. मी तिला म्हटलं, "उद्या आजीला पाठवा. डबी घेऊन."

ती आली. यावेळी मान खाली होती. मी तिचा नमुना दोनदा तपासला, नातीचा तर आदल्या दिवशीच झाला होता. दोन्हींत काही नव्हतं.

"मावशी, औषध लागू पडलं. संडासहून आल्यावर आणि भरवायच्या आधी साबणाने हात धुवायचे, पाणी उकळलेलं. बाकी मांडीवर घ्या, मुका घ्या, काय ते करा."

"खरंच ना, बाय?"

"मी स्वतः बघितलंय."

ती खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मग उठून बेसिनपाशी गेली. मी दाखवलं होतं तसे बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून हात धुतले, दोनदा धुतले. ओले हात तसेच धरून म्हणाली, "आज धंद्यावर नाय बसत. पोरीची शाळा सुटायच्या आत घरी जाते."