रस्सा आत राहतो कसा

पुण्याहून परभणीला बदली झाली, तेव्हा सामान लावायच्या आधी मी मोमोच्या गाड्या शोधल्या. मला हवे होते ते पातळ पारीचे, आत गरम रस्सा भरलेले मोमो. तीन गाड्यांवर लोक हसले. स्टेशन रोडवरचा, जवळच्या पिंगळी गावचा गाडीवाला हसला नाही. त्याने हात पुसले आणि विचारलं, "पण सर, रस्सा आत ऱ्हातो कसा?"

ते कसे करतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी नुसता खात आलो होतो.

तेव्हापासून माझ्या प्लेटीत तो रोज एक मोमो जास्तीचा ठेवतो, रस्सा भरून बघितलेला. बाकीच्या मोमोंकडे त्याचं लक्ष नसतं. तो एक मी चावला, की माझ्या तोंडाकडे नाही, हनुवटीकडे बघतो. ती कोरडी दिसली की म्हणतो, "रस्सा पळाला की वाफेतच," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

परवा मात्र ओघळ हनुवटीवरून थेट शर्टावर आला. त्याने घरच्या येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी फ्रीजमध्ये गोठवून, तिचे खडे पारीत भरले होते. चव झणझणीत होती, पण माझ्या मोमोची नव्हती.

"हेच का?" त्याने विचारलं.

त्याचा चेहरा बघून मी म्हणालो, "अगदी हेच."

त्याने शर्ट पुसायला फडकं पुढे केलं. "खोटं बोलायलाव सर तुमी. हेच असतं, तर दुसरा मागितला असता."