अध्यक्षांच्या अनुपस्थितीत

मुलाणी मॅडमच्या पर्समध्ये नेहमी एक न केलेलं भाषण असायचं. पहाडगंजच्या आमच्या घरात कुठलाही कार्यक्रम असो, त्या तासभर आधी यायच्या आणि फाटकापाशी उभ्या राहायच्या. हातात घडी घातलेला कागद, नजर गल्लीच्या तोंडाकडे. अध्यक्ष गाडीतून उतरताना दिसले की कागद पर्समध्ये जायचा आणि चेन लागायची. तोवर कोणी चहा विचारला तरी त्यांना ऐकू जात नसे.

घर म्हटलं, पण ते कोणाचं घर नव्हे. महाराष्ट्रातून दिल्लीत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलींसाठी आमची संस्था ते चालवते. दुमजली जुनी इमारत, सरकारी खात्याने अटींवर वापरायला दिलेली. अठरा मुली, एक अभ्यासिका, एक स्वयंपाकघर. कार्यकारिणीतले आम्ही सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करणारे. मी नोएडाच्या एका आयटी कंपनीत आणि इथे सचिव. अध्यक्ष करमरकर साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, गुरुग्रामला राहणारे. आणि उपाध्यक्ष शमीम मुलाणी, मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या. एका मंत्रालयात तीस वर्षं फायली तपासून निवृत्त झाल्या होत्या आणि द्वारकेत एकट्या राहत होत्या.

एकदा एका मुलीने त्यांना विचारलं, "मॅडम, उपाध्यक्षांचं काम काय असतं?" बाईंनी खरंच विचार केला. मग म्हणाल्या, "संस्थेच्या घटनेत लिहिलंय, अध्यक्षांच्या अनुपस्थितीत त्यांचं सगळं काम बघायचं. आता माणूस कधी अनुपस्थित होईल ते आधी कळत नाही. म्हणून सारखी काळजी करायची. हेच काम."

ही काळजी त्या इमानेइतबारे करत. बैठकीच्या रविवारी सकाळी आठला करमरकरांच्या घरी फोन जायचा. "वहिनी, साहेबांची तब्येत? नाश्ता झाला? निघताना सांगा हं." करमरकर वहिनींना आधी वाटायचं की बाईंचा डोळा अध्यक्षपदावर आहे. एका वर्षी साहेब धौला कुआंपाशी वाहतुकीत अडकले. कार्यक्रमाची वेळ झाली, पाहुणे येऊन बसले, आणि मी मॅडमना म्हटलं, चला, तुम्ही सुरुवात करा. त्यांचा हात धरला तर बर्फासारखा गार. साहेब आणि वहिनी चार मिनिटं उशिरा धापा टाकत आत आले, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी वहिनींचा संशय फिटला.

मला त्यांची काळजी कधीकधी अति वाटायची. मुलींचे रक्तगट त्यांच्या वहीत, घरच्यांचे दोन-दोन नंबर वहीत, जिन्यातल्या अग्निशामक नळकांड्याची मुदत वहीत. कोणाला ताप आला की द्वारकेहून मेट्रोने खिचडीचा डबा यायचा. "अहो, उपाध्यक्षांनी डबे पोचवायचे असं कुठे लिहिलंय?" असं मी चिडवलं, तर म्हणायच्या, "नाही लिहिलेलं. पण नको असंही लिहिलेलं नाही ना." मुली त्यांना हसत आणि परीक्षेला जाताना त्यांच्याच पाया पडत. "अगं, अगं, हे काय," म्हणत त्या मागे सरकायच्या आणि डोक्यावर हात मात्र ठेवायच्या.

मग करमरकर साहेबांना पक्षाघात झाला. ऑगस्टातल्या एका सोमवारी आंघोळीला गेले आणि तिथेच पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बातमी कळली तेव्हा मी ऑफिसात होते. मॅडमचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "मधुरा, साहेबांचं कळलं ना. आता घराचं बघायला हवं. नूतनीकरणाची नोटीस आलीय. पुढच्या गुरुवारी सुनावणी."

घराचा परवाना दर काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. अर्जावर सही अध्यक्षांची, ते नसतील तर उपाध्यक्षांची. सही करणाऱ्याने आपल्या निवडीचा पुरावा म्हणून इतिवृत्ताची वही दाखवायची. अर्ज घेतला गेला नाही तर महिनाअखेर घर रिकामं करायचं. मुलींची मुख्य परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. अठरातल्या अकरा जणी तिला बसणार होत्या.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत बसलो. मॅडम, मी आणि कोषाध्यक्ष पाठक. पाठक दिल्लीतच जन्मलेले, गडबड्या पण कामाचा माणूस. मी वही उघडली आणि मॅडमची निवड शोधू लागले. दोन वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण सभेत माझ्याच अक्षरात होतं, 'उर्वरित कार्यकारिणी पूर्ववत.' त्याच्या दोन वर्षं आधी, 'उर्वरित कार्यकारिणी पूर्ववत.' त्याआधीही तेच. मी पानं उलटत मागे मागे गेले.

आठ वर्षांपूर्वी आधीचे उपाध्यक्ष जोगळेकर पुण्याला गेले. त्या सभेत मॅडमचं नाव कोणीतरी सुचवलं, टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. सचिव म्हणून ती माझी पहिलीच सभा. ऑफिसात माझ्या आटोपशीर इतिवृत्तांचं कौतुक व्हायचं, आणि तोच तोरा मी इथे आणला होता. जोगळेकरांना दिलेल्या निरोपाच्या चार ओळी मी लिहिल्या होत्या. त्यांच्या जागी कोण आलं, हे लिहिलंच नव्हतं. पेढ्यांचा उल्लेख होता. त्यानंतर दर वेळी 'पूर्ववत' म्हणजे जोगळेकरच. ते वारले त्यालाही तीन वर्षं झाली होती. कागदोपत्री आमचे उपाध्यक्ष आठ वर्षं जोगळेकरच होते.

"माझी चूक आहे," मी म्हटलं.

पाठक वहीवर वाकले. "अरे यार, यात काय एवढं. हे बघ, निरोपाच्या खाली दोन ओळी कोऱ्या आहेत. तुझंच अक्षर, तुझाच पेन. लिहून टाक. जोगळेकरांच्या जागी श्रीमती मुलाणी यांची बिनविरोध निवड. झालीच होती ना निवड? खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. मी पेनाचं टोपण काढलं. अकरा मुलींची परीक्षा डोळ्यांसमोर होती, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त माझी अब्रू होती. त्या दोन ओळींत माझी चूक पुरती झाकली गेली असती. मी पेन टेकवणार, तेवढ्यात मॅडमनी पानावर तळहात ठेवला.

"ती जागा तशीच राहू दे, मधुरा."

"पण मॅडम, खरंच झालं होतं ते."

"झालं होतं. लिहिलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत." मग म्हणाल्या, "तीस वर्षं मी लोकांच्या फायली वाचल्या. मागाहून घातलेली ओळ अंग चोरून बसलेली असते. समोरच्याला दिसो न दिसो, तुला ती दर वेळी दिसेल."

पाठक वैतागले. "मग गुरुवारी दाखवणार काय? मुलींना रस्त्यावर काढणार?"

मॅडमनी वही मिटून माझ्यापुढे सरकवली. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. यांच्या तत्त्वापायी मुलींचं वर्ष जाणार, असं वाटत होतं. ते पाच दिवस मी धड जेवले नाही. घरात आईवर खेकसले, ऑफिसात दोन बैठका विसरले. मुलींना कसली नोटीस आलीय ते माहीत नव्हतं. त्या मला जिन्यात भेटल्या की हसून 'ताई, अभ्यास छान चाललाय' म्हणत आणि मी नजर चुकवत असे.

गुरुवारी मॅडम फिकट राखाडी साडी नेसून त्या खात्याच्या कार्यालयात आल्या. लिफ्टच्या रांगेत त्यांनी मला विचारलं, "माझा आवाज जातोय का गं?" आवाज खरंच बसला होता. मी म्हटलं, "नाही." पाणी पाजलं. चौथ्या मजल्यावर बाकावर पावणेदोन तास बसलो. त्या वेळात आपण रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे त्यांनी मला तीनदा विचारलं, जणू ती मीच त्यांना देणार होते.

अधिकारी चाळिशीचे, चेहऱ्यावर कंटाळा. वही चाळून त्यांनी मान वर केली. "मैडम, अध्यक्ष का नाम तो है. आप किस हैसियत से आई हैं?"

"साहब, सब मुझे उपाध्यक्ष मानते हैं. आठ साल से काम भी वही करती हूँ. लेकिन इस रजिस्टर में कहीं लिखा नहीं है."

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला. बहुधा असं आपणहून सांगणारं त्यांच्यासमोर रोज कोणी येत नसावं. "रजिस्टर लिखता कौन है?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी मॅडम बोलल्या. "हमसे रह गया."

"तो मैं अर्ज़ी कैसे लूँ?"

"मत लीजिए. नियम से तो ले ही नहीं सकते. मैं अर्ज़ी देने नहीं, मोहलत माँगने आई हूँ." आणि मग त्या बसलेल्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. साहेब बोलू शकत नाहीत. सभा बोलवायला एकवीस दिवसांची नोटीस लागते. परीक्षा तोंडावर आहे. मुली कुठल्या कुठल्या गावांहून आल्या आहेत, हे त्यांनी वही न उघडता सांगितलं. पाचसहा गावं झाल्यावर अधिकाऱ्यांनी हात वर केला.

"मोहलत दे दूँ, पर ज़िम्मेदारी किसकी? संस्था की तरफ़ से तो कोई दस्तख़त कर ही नहीं सकता."

"मेरी. संस्था की तरफ़ से नहीं, अपने नाम से."

त्यांनी तसं लिहून घेतलं. दोन महिन्यांत रीतसर निवडणूक करून संस्थेने अर्ज द्यायचा. न दिल्यास घर रिकामं करून किल्ली देण्याची जबाबदारी शमीम मुलाणी, राहणार द्वारका, यांची व्यक्तिशः. मॅडमनी शब्द न् शब्द दोनदा वाचला आणि सही केली. नावापुढे पद लिहिलं नाही. बाहेर आल्यावर त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मधुरा, मी किती घाबरले होते गं." मी त्यांच्या शेजारी बसून रडले. त्यांनी मला का रडतेस म्हणून विचारलं नाही.

मुलींनी त्याच घरात राहून परीक्षा दिली. ते दोन महिने मॅडमना झोप नव्हती. रोज सकाळी फोन करायच्या, नोटिसा गेल्या का, पोच आली का. सभा झाली, प्रत्येक नाव मी मोठ्याने वाचून लिहिलं, नव्या अध्यक्षांच्या सहीने अर्ज गेला आणि घर राहिलं. मॅडमना सगळ्यांनी अध्यक्ष व्हा म्हटलं, मग निदान उपाध्यक्ष तरी राहा म्हटलं. त्या नको म्हणाल्या. "आता माझं काळीज पुरत नाही या कामाला." कोरेगावला बहीण एकटी होती, तिच्याकडे गेल्या. नोंद कोणामुळे राहून गेली, हे त्यांनी सभेत कोणाला सांगितलं नाही. पाठकही गप्प बसले. मीही सांगितलं नाही. सुटले, असं मला वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते.

गेल्या हिवाळ्यात कोरेगावहून त्यांच्या भाच्याचा फोन आला. मॅडम गेल्या. रविवारच्या बैठकीत शोकप्रस्ताव लिहायला वही माझ्यापुढे आली. नवे अध्यक्ष म्हणाले, "आठ वर्षं उपाध्यक्ष होत्या, तसंच लिहा." मी मागची पानं उलटून निरोपाखालच्या त्या दोन कोऱ्या ओळी पाहिल्या. मग लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'दिवंगत शमीम मुलाणी यांनी आठ वर्षे उपाध्यक्षपदाचे काम पाहिले. त्यांच्या निवडीची नोंद या वहीत नाही. ती करायचे राहून गेले, आणि ती चूक सचिव या नात्याने माझी आहे.'

पाठक हळूच म्हणाले, "अगं, हे आता कशाला, यार? एवढ्या वर्षांनी?"

"तेव्हाचं म्हणून नाही लिहिलं, पाठक," मी म्हटलं. "आजचं लिहिलंय. खाली आजचीच तारीख आहे."

त्यांनी वही ओढून घेतली आणि पहिली सही केली.