मामांचा कान आणि गाडीचा ठेका

जगातली प्रत्येक गोष्ट आधी वाजते आणि मग दिसते, अशी माझ्या थोरल्या मामांची पक्की समजूत आहे. केदारखेड्याला त्यांच्या घराची पायरी मी चढलो रे चढलो, की पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणतात, "या भाचे. डाव्या चपलेची टाच झिजली वाटतं." मामी आत भाकरी थापत असल्या की हे ओसरीवरून सांगतात, पीठ जाडं दळलंय. माठ घ्यायला गेले की कुंभाराच्या दारातले सगळे माठ बोटांनी वाजवत बसतात आणि दुपार कलल्यावर एक घेऊन येतात, तोही पुन्हा घरच्या जुन्या माठाशी जुळवून बघतात. माझं लग्नसुद्धा त्यांनी कानानेच जमवलं. मुलीचे वडील पत्रिका घेऊन स्कूटरवर आले, ते अजून फाटकाबाहेरच होते तेवढ्यात मामा माझ्या आईला म्हणाले, "हो म्हणून टाक. माणूस गेअर किती अदबीनं टाकून राह्यला बघ. असल्या घरात आदळआपट नसती." आईने हो म्हटलं. बायको मला लाखात एक मिळाली, फक्त दारं आपटण्याच्या बाबतीत मामांचा अंदाज साफ चुकला.

हा कान गावच्या भजनात तयार झाला. मोसंबीची बाग मामा सांभाळतात ती पोटापाण्यासाठी, खरा जीव पखवाजात. पण अलीकडे त्यांचा डावा कान मंद होत चालला होता. घरात आणि भजनात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि आपण ते छान लपवलंय असं एकट्या मामांना वाटत होतं. टीव्हीचा आवाज वाढवत ते म्हणायचे, "हल्लीच्या टीव्हीत बिलकुल दम न्हाई." टाळकरी बिचारे काही न बोलता सरकत सरकत त्यांच्या उजव्या हाताला येऊन बसले, आणि डावीकडे नुसती रिकामी सतरंजी उरली.

अशात त्यांची गाडी आजारी पडली. ही गाडी घेतली तेव्हा पांढरी होती, आता ताकाच्या रंगाची आहे. मामा ती इतकी हळू चालवतात, की सायकलवाले त्यांना रामराम करून पुढे निघून जातात. मला मात्र त्या गाडीत मागे बसणं फार आवडतं. काचा खाली असतात, माघाच्या उन्हात ज्वारीची शेतं अर्धवट मिटल्या डोळ्यांसमोरून सरकत राहतात, कुठल्या तरी बागेतून मोसंबीच्या फुलांचा वास येतो, पुढे मामींची मान हळूच खिडकीकडे कलंडते, आणि आपण जागे आहोत की झोपेत हे नक्की सांगता येत नाही. त्या गाडीतून कुठे पोचायची घाई मला कधीच झाली नाही.

तर या गाडीचं इंजिन मिसिंग करू लागलं. म्हणजे चालता चालता मधला एक ठोका गाळायचं, गाडीला हिसका बसायचा, आणि आत बसलेली सगळी माणसं एखाद्या गोष्टीला रुकार दिल्यासारखी एकदम मान डोलवायची. मामांनी आधी हा बिघाड मानलाच नाही. तालात एक जागा मुद्दाम मोकळी सोडतात, तिला खाली म्हणतात. "ही खाली है," ते म्हणाले, "इतकी वर्षं चालून चालून गाडीला ताल कळून राह्यला." भोकरदनच्या चढावर गाडी चक्क बंद पडली आणि मागे ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला, तेव्हा कुठे त्यांनी आजार कबूल केला.

मग निदान सुरू झालं. इंजिनात सिलिंडर चार, म्हणून मात्रा चार. मामा बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटायचे, एक, दोन, तीन असं मोजायचे आणि म्हणायचे, "चौथी खाऊन राह्यली." चौथ्या सिलिंडरचा प्लग बदलला, गाडी तशीच. पुन्हा मोजलं, पुन्हा चौथीच. मी म्हटलं, "मामा, हे गोल फिरतंय. गळालेल्या ठोक्याच्या पुढून मोजायला लागलात तर दर वेळी चौथीच गळणार." त्यांनी बॉनेटवरचा हात न काढता माझ्याकडे पाहिलं. "सम कुठं है, पहिली मात्रा कोणती, ते मला शिकवू नका भाचे."

नंतर बागेत पाणी धरताना ते आपणहून बोलले. "हा दोष मला कानानं सापडला पाहिजे. न्हाई सापडला तं पखवाज दुसऱ्याच्या हाती देऊन टाकीन. बेताल वाजवणाऱ्यानं देवापुढं बसू नये." गंमत म्हणून चाललेली गोष्ट एवढी मोठी आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं.

शेवटी मामा, मामी आणि मी असे तिघं हसनाबादच्या मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री मामांच्या भजनाला येणारा, त्यांच्या कानाचा भक्त. शेजारच्या दुकानात लोखंड घासायचं मशीन किंचाळत होतं. तो म्हणाला, "मामा, ह्या कल्लोळात मला काही समजत न्हाई. हात माझा, कान तुमचा. मी एकेक प्लगची वायर काढून पाहतो. वायर काढली की आवाज पडला पाहिजे. ज्या जागी काहीच फरक पडत न्हाई, तिथं बिमारी."

इंजिन सुरू झालं. मामा डोळे मिटून उभे राहिले. मामी त्यांच्या डाव्या अंगाला अगदी खेटून उभ्या होत्या. मिस्त्रीने पहिली वायर काढली. "पडला," मामा म्हणाले. दुसरी काढली. मामांनी उजवा कान पुढे केला. तेवढ्यात पदराआडून मामींचा हात पुढे झाला आणि त्यांनी मामांचं मनगट दाबलं. "हीच," मामा म्हणाले, "हिच्यात फरक न्हाई."

वायर आतून तडकलेली निघाली. नवी घातली आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. मिस्त्रीने हात जोडले. "बराबर पकडलं मामा! असा कान तालुक्यात न्हाई."

मामा हसले नाहीत. आम्ही परत निघालो. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर झाडांच्या लांब सावल्या पडल्या होत्या, आणि ती पूर्वीची पेंग पुन्हा माझ्या डोळ्यांवर येत होती. मग मामा समोर बघतच म्हणाले, "भाचे, मला काही ऐकू आल्तं न्हाई. हिनं सांगितलं. गेला हा कान." त्यांनी गेअर बदलला. "एकादशीला पखवाज देऊन टाकतो."

मामी बसल्या होत्या ती मामांच्या डाव्या कानाचीच बाजू. बोलून उपयोग नव्हता. त्यांनी गेअरवरच्या मामांच्या हातावर आपला हात ठेवला आणि बोटांनी इंजिनाचा ठेका धरला. सावकाश, एकसारखा, कुठेही न गाळता. मामांनी थोडा वेळ तो हात नुसता तसाच राहू दिला, मग त्यांची बोटं खालून साथ देऊ लागली.

"एकादशीला मी जवळ बसते," मामी त्यांच्याकडे पूर्ण वळून, ओठ नीट हलवत म्हणाल्या. "तुम्ही वाजवा. चुकलं तं मी है ना."

मामांनी मान डोलवली. गाडीला हिसका बसला नव्हता. ठेक्याच्या नादात घराचं वळण आलं आणि मागे गेलं, आणि गाडी तशीच पुढे चालत राहिली. वळा, असं म्हणायला माझं काही तोंड उघडलं नाही.