मागच्या ओळीचं घर

कसालच्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमची सरकारी वसाहत होती. पुढच्या ओळीतली घरं हप्ते फेडून लोकांच्या मालकीची झालेली, मागच्या ओळीतल्या खोल्या भाड्याच्या. बाबा एसटीत कंडक्टर, त्यामुळे आम्ही पुढच्या ओळीत. मागे मासे विकणारणींची, गवंड्याच्या हाताखाली राबणाऱ्यांची बिऱ्हाडं. शाळेत खिचडी शिजवणारी एक मावशीही तिथेच राहायची, एकटी. दर पावसाळ्यात भिंती ओल धरायच्या, स्लॅबमधून सळ्या दिसू लागल्या होत्या. त्यात हायवे रुंद झाला आणि जागेला भाव आला. वसाहत पाडून इमारती उभ्या करायचं ठरलं.

समाजमंदिरात बैठक झाली. घरबांधणी खात्याच्या साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. समोर दुकानं, मागे इमारत, आम्हा प्रत्येकाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. टाळ्या पडल्या. तेवढ्यात माझी आई उठली. घरात मालवणीतून सगळ्यांना धारेवर धरणारी आई साहेबांपुढे अगदी शाळेतल्यासारखं बोलली, "साहेब, मागच्या ओळीतली माणसं या नकाशात कुठे आहेत?"

"ते भाडेकरू आहेत, बाई. त्यांना भरपाई देऊ. ते दुसरीकडे सोय करतील."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

साहेबांनी नकाशा गुंडाळायला घेतला.

सगळ्या घरमालकांची संमती झाल्याशिवाय काम सुरू होणार नव्हतं. घर बाबांच्या नावावर, म्हणून लोक त्यांच्याकडे येऊ लागले. बाबा शांतपणे सांगायचे, "सही माझी, पण निर्णय तिचो."

शेजारच्या काकीशी आईचं सख्ख्या बहिणीसारखं होतं. तीही एकदा तावातावाने आली.

"तुका घर गावता मां गो? मग आडवी कित्याक येतस?"

"माझ्या बाळतपणाक मागची मावशी रोज येय होती," आई म्हणाली. "माका न्हाऊ घाली होती. तिका रस्त्यार घालून माका नवीन घर नको."

काकी पाय आपटत गेली. नंतर पुढच्या ओळीने आमच्याशी बोलणंच टाकलं. मी तेव्हा कॉलेजात होते. आई वाटेत दिसली की बायका तोंड फिरवायच्या ते मी पाहायचे. आई मात्र मान ताठ ठेवून वसाहतीच्या सामाईक नळावर जायची.

चतुर्थीला भजन मंडळ दरवर्षी घरोघरी फिरे. त्या वर्षी ते आमचं दार सोडून पुढे गेलं. भजनकऱ्यांसाठी केलेल्या उसळीचं पातेलं तसंच भरलेलं. मग मागच्या बाजूने टाळांचा आवाज आला. मागची ओळ येत होती, बायका-पुरुष, सगळी. कुणाचा सूर कुठे, कुणाचा ताल कुठे! पण गणपतीवर फळापानांनी सजवून टांगलेल्या माटवीखाली उभं राहायला जागा उरली नाही. मावशीने तर असा आवाज लावला की गणपतीच्या समईची ज्योत हलली म्हणून आई पुढे कितीतरी दिवस हसत होती.

दुसऱ्या दिवशी काकी ताटात मोदक घेऊन दारात उभी राहिली.

"तुमचा भजन आमच्याकडे आयकाक येय होता," ती म्हणाली. ताट आईच्या हातात देत म्हणाली, "तू बोलतस ता बरोबर आसा गो. पण साहेब आयकतलो?"

"एकटीचा नाय आयकणा. सगळ्यांचा आयकतलो."

मग काकीच आईला घेऊन दारोदार फिरली. कुणी दार उघडेना, कुणी चहा दिला. पुढच्या बैठकीत पुढच्या ओळीने एका आवाजात सांगितलं: मागच्यांना इथेच, परवडेल अशा भाड्यात घर द्या, तरच सह्या. आईने आणखी एक अट घातली. पहिली इमारत मुलं क्रिकेट खेळतात त्या मोकळ्या जागेत बांधा, म्हणजे कुणालाच बाहेर बिऱ्हाड हलवावं लागणार नाही.

साहेब चिडले, गेले, परत आले. बोलणी लांबत गेली. अखेर दुकानं कमी झाली आणि मागच्या ओळीसाठी एक मजला वाढला. पहिली इमारत उभी राहिली तेव्हा किल्ल्या आधी मागच्या ओळीला मिळाल्या. मावशी नव्या घरात शिरली आणि नळ सोडून नुसतं पाणी बघत राहिली. आई दारात उभी होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांचे डोळे भरले होते.

आता दुसऱ्या गावच्या वसाहतींतले लोक आईला सल्ला विचारायला येतात. ती त्यांना बसवते आणि आधी एकच गोष्ट विचारते, "तुमच्यात भाड्यान कोण कोण ऱ्हवता?"

ते आठवून आठवून सांगू लागतात. मी आतून चहाचे कप घेऊन येते आणि तिच्या बाजूला बसते.